लहानग्यांचा केक: मैदा नाही, आच कमी करा

केक मधोमध फुगून तडकतो, म्हणून मैदा कमी घेऊ का, असा प्रश्न आलाय. मैदा तेवढाच राहू द्या, आच कमी करा. ओव्हन १८० ऐवजी १६० अंशांवर ठेवला की कडा लगेच धरत नाहीत आणि केक सपाट फुगतो. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, लागू द्यात.

मैदा घातल्यावर फेटू नका. उलथन्याने खालून वर हलक्या हाताने कालवा, कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबा. जास्त घोटलं तर ग्लुटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) तयार होऊन केक चिवट होतो. दही आणि खायचा सोडा वापरत असाल तर मिश्रण लगेच ओव्हनमध्ये जायला हवं. बुडबुडे कालवताक्षणीच सुटायला लागतात.

आणि हे कळकळीने सांगते: खाणाऱ्यांत वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध अजिबात नको, भाजलेल्या केकमध्येसुद्धा नाही. मधात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि ते ओव्हनच्या उष्णतेला दाद देत नाहीत. चिमुकल्यांना अख्खे काजू-बदामही नकोत, घशात अडकतात. पिकलेलं केळं कुस्करून घाला, साखर बरीच कमी लागते.

क्रीम लावण्याआधी केकच्या बुडाला हात लावून बघा. किंचित कोमट असला तरी थांबा, नाहीतर क्रीम ओघळेल.