असंपृक्त, असंतृप्त की अपर्याप्त?

शहापूरची शिकवणी :
मी बेळगावात, शहापूर भागात दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवते. बॅचमध्ये मराठी माध्यमाची आहेत तशी कन्नड माध्यमाचीही आहेत, आणि सध्या सुट्टीला मामाकडं आलेला चंदगडचा एक पोरगाही येऊन बसतो. त्याच्याकडं महाराष्ट्राचं पुस्तक. परवा फळ्यावर इथीन काढलं, दोन कार्बनच्या मध्ये दोन रेघा, म्हणजे दुहेरी बंध. विचारलं, असल्या संयुगाला काय म्हणायचं? चंदगडकर म्हणाला, "असंपृक्त." कन्नड माध्यमातली मुलगी म्हणाली, "अपर्याप्त, टीचर." तिसऱ्यानं मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघितलेला, त्याचं आपलं "असंतृप्त".

इथपर्यंत ठीक होतं. मग मागच्या बाकावरून एक प्रश्न आला : "टीचर, एक रेघ असली तर संपृक्त आणि दोन असल्या तर असंपृक्त, हे उलटं नाही काय ओ? दोन म्हणजे जास्त जोडलेलं की."

पोराचं चुकलेलं नाही. संपृक्तमधला धातू 'पृच्', म्हणजे मिसळणं, जोडणं. कालिदासाच्या 'वागर्थाविव संपृक्तौ'मध्ये शब्द आणि अर्थ एकमेकांना जोडलेले आहेत, तो हाच शब्द. त्या अर्थानं बघितलं तर दुहेरी बंधातले कार्बनच जास्त संपृक्त. अंतरही तेच सांगतं : एकच रेघ असलेल्या इथेनमध्ये दोन कार्बनमधलं अंतर 154 पिकोमीटर, इथीनमध्ये 134. जवळ येऊन बसलेल्यांना 'न जोडलेले' म्हणायचं म्हणजे कमालच. तुमच्याकडं काय शिकवतात?

खानापूरकर :
घोळ भाषांतरातला आहे. मूळ लॅटिन शब्द 'सॅटर', म्हणजे पोट भरलेला. त्याला सरळ प्रतिशब्द संतृप्त, तो हिंदीनं घेतला. आपण द्रावणाचा शब्द उचलला. पाकात साखर विरघळेनाशी झाली की द्रावण संपृक्त, अजून विरघळत असली तर असंपृक्त. अल्कीनमध्ये, म्हणजे इथीनसारख्या दुहेरी बंधवाल्या संयुगात, साखरेच्या जागी हायड्रोजन समजा, बास. 'जोडलेलं' हा अर्थ तिथं विसरायचा.

शहापूरची शिकवणी :
विसरा म्हणून विसरतंय होय कोण! पण पाकाचा दाखला चांगला आहे. उद्या वापरते.

निपाणकर :
कन्नडातल्या 'अपर्याप्त'ची इथं उगीच उपेक्षा होते आहे. मराठीत अपर्याप्त म्हणजे अपुरं, आणि हिशेबाला तोच बरोबर बसतो. सगळे एकेरी बंध असलेल्या अल्केनचं सूत्र CₙH₂ₙ₊₂, अल्कीनचं CₙH₂ₙ. दोन हायड्रोजन कमी, म्हणून अपुरं. एवढं सरळ 'असंपृक्त'मधून कळतं काय?

फक्त एक गंमत. गीतेच्या पहिल्या अध्यायात दुर्योधन आपल्या सैन्याला 'अपर्याप्त' म्हणतो, आणि ते अपुरं की अमर्याद यावर टीकाकार आजही भांडतात. तेव्हा हा शब्दही धुतल्या तांदळाचा नव्हे.

शहापूरची शिकवणी :
अपुरं हे मान्य, पण 'कशानं अपुरं' हे शब्द सांगत नाही. शिवाय अपुरं आहे म्हणून काही ते गप्प बसून राहत नाही. अल्कीनचं खरं लक्षण त्याची धडपड. एकेरी बंध तोडायला साधारण 347 किलोज्यूल प्रति मोल लागतात, दुहेरीला सुमारे 614. दुप्पट नाहीत बघा. म्हणजे दुसरी रेघ 267च्या आसपासची, पहिलीपेक्षा कच्ची. ब्रोमीन आला, हायड्रोजन आला की तीच सुटते आणि दोन्ही कार्बनचा एकेक हात मोकळा होतो. फळ्यावर दोन्ही रेघा सारख्याच जाडीच्या काढतो, तिथंच मुलं फसतात.

घाण्यावरचा :
आमचा तेलाचा घाणा आहे. तुमचे तिन्ही शब्द आमच्या कानावर कधी आले नाहीत. आम्हाला एवढं ठाऊक, डिसेंबरात खोबरेलाच्या बाटलीत काडी घालून खरवडावं लागतंय आणि शेंगतेल धार धरून पडतंय. ह्याचा काय संबंध हाय काय?

शहापूरची शिकवणी :
आहे तर! खोबरेलात दुहेरी बंध अगदी थोडे. त्याच्या रेणूतल्या कार्बनच्या साखळ्या सरळ, एकावर एक नीट रचून बसतात, म्हणून 24 अंशांच्या खाली गोठायला लागतं. शेंगतेलाच्या साखळ्यांना दुहेरी बंधापाशी बाक असतो, त्या नीट रचल्या जात नाहीत. आणि तेल खवट होतं तेही त्याच जागेवरून, हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या शेजारी हात घालतो. बुधलीच्या बाहेरून जो चिकटा धरतो आणि राखेनं घासला तरी निघत नाही, तोही त्याच बंधांचा प्रताप. साखळ्या एकमेकींत गुंतून बहुवारिक (पॉलिमर) झालेलं असतं ते.

तुमच्या प्रश्नावरून आज वर्गात करून बघितलं. दोन परीक्षानळ्या, एकीत शेंगतेल, दुसरीत खोबरेल. दोन्हींत टिंक्चर आयोडीनचे चार-चार थेंब टाकून गरम पाण्याच्या पातेल्यात धरल्या आणि हलवत राहिलो. घाई करून चालत नाही, आयोडीन दुहेरी बंधाला ब्रोमीनसारखा झटकन लागत नाही. शेंगतेलाचा तांबूसपणा उतरत गेला, खोबरेल होतं तसंच. 100 ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन घेतं त्याला आयोडीन अंक म्हणतात. शेंगतेलाचा 85 ते 99, खोबरेलाचा 7.5 ते 10. आणि नळी उजेडात धरून कन्नड माध्यमातली ती मुलगी काय म्हणाली माहीत आहे? "टीचर, ह्या तेलानं रंग खाल्ला की!"

खानापूरकर :
खाल्ला! म्हणजे असंतृप्तच. लॅटिनवाल्यांनाही पोटच दिसलं होतं.

निपाणकर :
खाल्ला हे बरोबर, पण इथीनचा एक रेणू हायड्रोजनचा एकच रेणू खातो आणि इथेन होऊन हात धुतो. एवढ्याशा भुकेला असंतृप्त म्हणजे फारच झालं. बरं, त्या खाण्याला तुमच्याकडं काय शब्द आहे? कन्नडात 'संकलन क्रिया'. त्यांच्याकडं गणितातली बेरीजही संकलनच.

शहापूरची शिकवणी :
चंदगडच्या पुस्तकात 'समावेशन'. मला तो आवडतो, बाहेरचा आला आणि कुणालाही बाहेर न काढता सामावला. प्रतियोजनात एक हायड्रोजन हाकलून त्याच्या जागी दुसराच अणू बसतो, तो फरक मराठी शब्दांतच दिसतो. संकलन म्हटलं की आमच्या पोरांना सिनेमाची कापाकापी आठवते. 'असंपृक्त'ला मात्र माझं मन अजून मानत नाही. वर्गात 'भुकेला बंध' म्हणायला लागले आहे. मुलं लगेच विचारतात, "टीचर, पेपरात तसं लिहिलं तर मार्क मिळतील काय?"

घाण्यावरचा :
मग तुम्ही काय सांगितलं?

शहापूरची शिकवणी :
ज्याच्या त्याच्या पुस्तकात असेल ते लिहा म्हटलं. आणि वेलांटी बघून लिहा. मागं एका सराव पेपरात अल्कीनचं अल्केन छापलं होतं आणि अल्केनमध्ये न उडणारा ब्रोमीनचा रंग अर्ध्या वर्गानं बसून उडवला होता.