वर्षाचं धान्य एकदम भरणं आता परवडतं का?

बेगमी
एप्रिल-मे आला की हा प्रश्न निघतोच, म्हणून माझं मत आधीच मांडते. गहू आणि तूरडाळ वर्षाची भरावीच. बाकी सगळं महिन्याच्या महिन्याला आणावं.

चार माणसांच्या घरात दिवसाला 14 पोळ्या धरा. एक किलो कणकेत मध्यम आकाराच्या 35 पोळ्या होतात, म्हणजे रोज 400 ग्रॅम, महिन्याला 12 किलो, वर्षाला 144. पाहुणे-सणवार धरून दीड क्विंटल. डाळ महिन्याला दोन किलो, वर्षाला 24. घाऊक बाजारातला लोकवन समजा 38 रुपये असेल तर तोच गहू कोपऱ्यावरच्या दुकानात सुटा 43 ला मिळतो. दीडशे किलोवर इथेच साडेसातशे रुपये वाचतात. दिवाळीनंतर दर चढले तर ती बचत वेगळी. शिवाय वर्षभर एकाच वाणाची, एकाच चवीची पोळी मिळते, हे तर कुठल्याच हिशेबात धरलेलं नाही.

हिशेबनीस
बेगमीताई, हिशेब अर्धाच मांडलात.

पहिलं, गहू भरल्यापासून लगेच खायला सुरुवात होते. मे ते ऑगस्ट दर फारसे हलत नाहीत, म्हणजे पुढच्या दरवाढीचा फायदा फार तर 100 किलोवर मिळतो, 150 वर नाही. दुसरं, 5,700 रुपये एकदम अडकले. साठा हळूहळू संपतो म्हणून व्याज निम्म्याच रकमेवर धरू. 7 टक्क्यांनी साधारण 200 रुपये. ही रक्कम किरकोळ आहे, पण तेच पैसे क्रेडिट कार्डावर उचलले आणि थकवले तर सगळी बचत व्याजात जाते.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. टेम्पो, हमाली, चाळणं-निवडणं, खडे-कचरा हे धरून साडेसातशेतले तीन-साडेतीनशे जातात. व्याज वजा केलं की हातात राहतात दोन-अडीचशे. म्हणजे सहा-सात किलो गहू किडला की पूर्ण बचत गेली. सहा-सात किलो म्हणजे कोठीच्या तळाचा एक थर.

मी 30 किलोची गोणी अडीच महिन्यांनी घ्या म्हणेन. घाऊक दराचा बराचसा फायदा मिळतो आणि कीड वाढायला वेळ कमी मिळतो. जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्या गोणीवर आणि सुट्ट्या मालावर नाही. बाजारात 26 आणि 30 किलोच्या गोण्या दिसतात त्या त्यामुळेच.

मोंढा_कट्टा
दोघांच्या वादात मालाची पारख राहून गेली. धान्य किडतं ते बहुतेक वेळा कोठीमुळे नाही, तर ओल असलेला गहू भरल्यामुळे. पोत्यात हात घाला. कोरडा गहू असेल तर हात सरसर आत जातो. दाणा दाताखाली धरा. कट् असा आवाज होऊन तुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. मूठभर गहू पाण्यात टाका. तरंगणारे दाणे आतून पोखरलेले किंवा पोचट असतात. ते जास्त निघाले तर कितीही स्वस्त असो, ते पोतं घेऊ नका.

बेगमी
अगदी बरोबर. आणि वाळवण्यातही चूक होते. दोन कडक उन्हं दिली की लोक संध्याकाळी गरम गहूच कोठीत ओततात. तो आत थंड होताना झाकणाला आतून दव धरतं, वरच्या थराला कुबट वास येतो आणि कीड तिथूनच सुरू होते. गहू रात्रभर कापडाखाली पसरून ठेवावा, सकाळी गार झाल्यावर भरावा. कोठी काठोकाठ भरायची, वर जाड प्लास्टिक दाबून झाकण लावायचं. हवा कमी तेवढी कीड कमी. कोठी लाकडी पाटावर, भिंतीपासून वीतभर दूर. रोजच्यासाठी 15 किलोचा वेगळा डबा, म्हणजे मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडते.

डाळीला एरंडेल. 10 किलोला 50 मिलि, तळहाताला घेऊन चोळत जायचं, दाण्यावर नुसती चकाकी आली की थांबायचं. जास्त झालं तर खवट वास मारतो. शिजवताना गरम पाण्याने दोनदा धुतली की तेल निघून जातं.

हिशेबनीस, तुमचे सहा-सात किलो मान्य, पण ते किडू न देणं आपल्या हातात आहे.

चौथा_मजला
गच्ची कुणाकडे आहे? मुंबई-ठाण्यात 450 फुटांच्या घरात गच्चीला सोसायटीचं कुलूप, खिडकीत दोन तास ऊन. त्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट की उघडा ठेवलेला पापड तासाभरात मऊ पडतो. इथे दीड क्विंटल गहू भरणं मला पटत नाही. पुण्या-सोलापुरात जे चालतं ते किनाऱ्यावर चालेलच असं नाही.

तळकोकण
चौथा_मजला यांच्याशी सहमत, पण किनाऱ्यावर साठवण होत नव्हती असं मात्र नाही. कोकणात वर्षाचं साठवायचे ते भात, तांदूळ नव्हे. तूस असेपर्यंत दाणा सुरक्षित, म्हणून कणगीत (बांबूच्या मोठ्या टोपलीत) भात आणि लागेल तसं कांडून आणायचं. कांडलेला, तूस काढलेला तांदूळ घेत असाल तर त्याला कडक ऊन देऊ नका, दाण्याला चिरा जाऊन शिजताना तुकडा पडतो. सावलीतच पसरा.

तांदळाचा एक फायदा कुणी मांडला नाही. तो जुना झाला की महाग विकला जातो, मोकळा शिजतो आणि फुगतोही जास्त. डिसेंबर-जानेवारीत नवा कोलम घेऊन घरीच सहा-आठ महिने मुरवला तर जुन्याचा भाव द्यावा लागत नाही. इंद्रायणीला मात्र हे लागू नाही, तो चिकटपणासाठीच खातात.

रसायन_नको
एक विनंती कळकळीने. साठवणीच्या नादात घरात काय काय घालतात ते थांबवा. तांदळाला बोरिक पावडर चोळतात. ते खाण्याचं द्रव्य नाही आणि दोनदा धुतल्याने पूर्ण जाईल याची खात्री नाही. गव्हात पारद टिकड्या टाकतात, त्यात पारा असतो. एखादी दाण्यांत फुटली तर पीठ दळताना सगळं एकत्र होतं. सगळ्यात भयंकर म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. त्या बंद गोदामासाठी, प्रशिक्षित माणसाने वापरायच्या असतात. राहत्या घरात, झोपायच्या खोलीत असं धान्य ठेवून माणसं दगावलेली आहेत. कुणी दुकानदाराने पुडीत बांधून दिल्या तरी घेऊ नका.

नवी_गृहिणी
गव्हात आत्ताच टोके दिसलेत, जेमतेम दहा-बारा. 40 किलो शिल्लक आहे. ऊन दिलं तर पुरेल का? आणि ज्वारी-बाजरीचं काय करायचं?

हिशेबनीस
ताई, उन्हाने बाहेरचे टोके पळतील, पण मादी दाणा पोखरून आत अंडं घालते. ते बाहेरून दिसत नाही. उबदार हवेत महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते. म्हणून एकदा ऊन देऊन निश्चिंत होऊ नका. आधी चाळा, चाळलेला कचरा घराबाहेर टाका. कडक ऊन मिळत असेल तर पातळ थर, सलग दोन-तीन दिवस. नसेल तर 3-4 किलोच्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये चार दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं. कोठी रिकामी करून सांध्यांतलं जुनं पीठ कुंचल्याने काढा, कीड तिथेच दडून बसते. आणि हे 40 किलो सगळ्यात आधी संपवा, नव्या गव्हात मिसळू नका.

मोंढा_कट्टा
ज्वारी रब्बीची मालदांडी घ्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी येते. दाणा टिकतो, पीठ टिकत नाही. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. बाजरीत तेल जास्त, पीठ आठवड्यात कडसर लागायला लागतं. थंडीपुरती पाच-सात किलो आणा, वर्षाची भरू नका.

चौथा_मजला
गव्हावर एवढी चर्चा, पण खरी गळती तेलात आहे. 1 लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम. 15 लिटरच्या डब्यात म्हणून साडेतेरा किलोच्या आसपास तेल असतं, 15 किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर. दोन्ही डबे सारखेच दिसतात. पाकिटंही आता 850 ग्रॅम, 750 ग्रॅम अशी निघतात. पुड्याची किंमत न पाहता छापलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलि दर पाहा. चौघांचं महिन्याचं तेल तीन लिटरच्या आसपास जात असेल तर इथली बचत गव्हाइतकीच होते, आणि तीही कोठीशिवाय.

बेगमी
तेलाचा मुद्दा मान्य. गव्हाचा नाही. गच्ची नसेल तर तीन-चार घरांनी मिळून थेट शेतकऱ्याकडून किंवा धान्य महोत्सवातून वाळवून, चाळून दिलेला गहू घ्यावा आणि प्रत्येकी 50 किलो वाटून घ्यावा. घाऊक दर मिळतो, टेम्पोचा खर्च विभागला जातो आणि पावसाळा सरेपर्यंत साठा संपत येतो. घेण्याआधी दाणा चावून बघायचं काम मात्र मोंढा_कट्टा म्हणतात तसं प्रत्येकाने स्वतः करावं.