इसबगोल घ्या, पण पाण्याचं काय?

बद्धकोष्ठतेसाठी इसबगोलाचा भुसा घेऊन पोट उलट जड झालं, असं एकांनी लिहिलंय. रात्री दोन चमचे अर्ध्या वाटी दुधात कालवून ते घेतात, मग तसंच होणार! हा भुसा पाणी शोषून फुगतो, बुळबुळीत होतो आणि त्या ओलाव्यानेच मळ मऊ राहतो. ओढायला पाणीच नसेल तर आत नुसता गोळा. एक चमचा मोठ्या पेलाभर पाण्यात ढवळा आणि घट्ट व्हायच्या आत पिऊन टाका, वर आणखी थोडं पाणी. गिळायला त्रास असलेल्यांनी या वाटेला जाऊच नये. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. गॅस होत असेल तर अर्ध्या चमच्यावर या. इतर गोळ्या चालू असतील तर मध्ये दोनेक तास जाऊ द्या.

ज्यांनी त्यांना रोज पोट साफ करणारं चूर्ण घ्यायला सुचवलंय, त्यांनी डब्यामागचे घटक वाचावेत. बहुतेकदा सोनामुखी (जुलाब करणारी वनस्पती) निघते. ती आतड्याला ढोसून काम करायला लावते. एखाद्या वेळी ठीक, रोज डॉक्टरांना न विचारता नको. 'आयुर्वेदिक आहे, काही होत नाही' हे मला पटत नाही.

नाश्ता झाला की आतडी आपसूक हलायला लागतात, तेव्हा दहा मिनिटं काढा (मोबाइल बाहेर). कमोड असेल तर पायाखाली बुटकं स्टूल घ्या.

शौचातून रक्त, विनाकारण घटणारं वजन किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय असेल, तर भुसा राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.