पोलिसांची गाडी दिसली की पाय ब्रेकवर का जातो?

चौथा_गिअर:
सी लिंकवर मर्यादा 80 ची. पोलिसांची बोलेरो मधल्या लेनमधून निवांत साठीने चाललेली, पुढे सगळा रस्ता रिकामा, आणि तिच्या मागे आठ-दहा गाड्या वरातीसारख्या. पुढे काढायची कुणाची छाती होत नाही. मी त्याच रांगेत. पट्टा लावलेला, कागद चोख, वेग मर्यादेच्या आत, तरी डोळे काट्यावर आणि हात स्टिअरिंगवर आवळलेले.

वेग टिपणारे कॅमेरे तर जागोजागी आहेत. त्यांच्याखालून जाताना एवढी धडधड होत नाही, उलट तिथला दंड जास्त नक्की असतो. कॅमेऱ्याला काय हवंय ते आधीच ठाऊक असतं. गाडी बाजूला घ्यायला लावणाऱ्या माणसाला काय सापडेल, तो किती वेळ घेईल, काय बोलेल, काही सांगता येत नाही. माझ्या मते आपण घाबरतो ते त्याच्या मर्जीला.

निवृत्त_डबलडेकर:
चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! कागद चोख म्हणता ना, मग पीयूसीची तारीख न बघता सांगा. 2022 पासून मुंबईत बाईकवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेटची सक्ती आहे, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून गाडीत मागच्या सीटवरही पट्टा. तुमच्या गाडीत मागे बसलेल्या काकू लावतात? कर नाही त्याला डर नसते.

चौथा_गिअर:
काका, मी तेच म्हणतोय. प्रत्येकाच्या गाडीत काही ना काही सापडतंच. मग कुणाला थांबवायचं आणि कुणाला सोडायचं, हे ज्याच्या हातात त्याची भीती वाटणारच.

पिवळी_पाटी:
तुम्ही लोक हौसेने घाबरता. आमचं पोट आहे त्यावर. मागे एअरपोर्टचं भाडं बसलेलं, त्याचं विमान दीड तासावर. एका नाक्यावर हवालदाराने आधी खिडकीतून हात घालून चावी काढली, मग लायसन्स मागितलं. लायसन्स डिजिलॉकरमध्ये, डिजिलॉकर फोनमध्ये, फोनवर नकाशा चालू, आणि त्याच फोनवर पुढच्या भाड्याची रिंग. तोपर्यंत मागचा साहेब दुसरी गाडी बघायला लागला. कागदात काहीच खोट निघाली नाही. पावती फाटली नाही, तरी भाडं गेलं ते गेलंच.

रातपाळी:
ही दिवसा गाडी चालवणाऱ्या पुरुषांची चैन आहे. मी मालाडहून रात्री दीडला निघते. बाईकवरची दोन पोरं जोगेश्वरीपर्यंत खिडकीला चिकटून येतात तेव्हा पुढे पोलिसांची व्हॅन दिसली की हायसं वाटतं. मी मुद्दाम तिच्या मागे राहते. त्या वरातीतल्या दोन-चार गाड्या माझ्यासारख्यांच्या असतील, हे तुमच्या डोक्यात आलं का?

खाकीचं_घर:
वडील पोलिसात होते म्हणून सांगतो. रस्त्यावर दिसणारी पोलीस ठाण्याची गाडी बहुतेक वेळा आरोपीला वैद्यकीय तपासणीला नेत असते, नाहीतर बंदोबस्ताला चाललेली असते. आतला माणूस आदल्या रात्रीपासून ड्युटीवर, त्याला घरी कधी पोचतो असं झालेलं. वाहतूक शाखेचा पांढरा शर्ट वेगळा, ठाण्याची खाकी वेगळी. तुमच्या पीयूसीत त्यांना काडीचा रस नाही.

कलम_वाचा:
रस नसेल, अधिकार आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 130 वाचा: गणवेशातला कुठलाही पोलीस अधिकारी लायसन्स मागू शकतो, वाहतूक शाखेचाच असायला हवा असं नाही. म्हणजे भीती अगदीच बिनबुडाची नाही. खरा घोळ वेगळाच आहे. डोळे काट्यावर आणि आरशात, मग रस्त्यावर कोण बघतंय? बोलेरोने करकचून ब्रेक मारला तर अख्खी वरात एकमेकांवर चढेल. शिस्तीत चालल्याचं समाधान मात्र प्रत्येकाला!

निवृत्त_डबलडेकर:
त्या भीतीचा फायदा कुणी बोलत नाही. 2007 पासून मुंबईत दारू पिऊन चालवणाऱ्यांविरुद्ध मोहीम चालू आहे. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलात की पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. 31 डिसेंबरला लोक गाडी घरी ठेवून टॅक्सी करतात ते नाकाबंदीला भिऊन. कॅमेऱ्याला तोंडाचा वास येत नाही.

चौथा_गिअर:
तिथे सगळ्यांना एकच प्रश्न, म्हणून चालतं. फुंकलं, आकडा आला, पुढे. न पिणाऱ्याला त्या नाक्यावर घाम फुटत नाही. बोलेरोच्या मागे फुटतो.

पिवळी_पाटी:
आकडा येईपर्यंत मागे लागलेली रांग कधी बघितली का साहेब? भाडं त्यातही जातं.

निवृत्त_डबलडेकर:
आणि कॅमेऱ्याची भीती का वाटत नाही, ते मी सांगतो. तुमचं "ठाऊक असतं" वगैरे काही नाही. ई-चलनाचा मेसेज येतो, तो बँकेच्या मेसेजखाली गाडला जातो, आणि लोक अदालतीत सूट मिळेल म्हणून मंडळी खुशाल थकवून ठेवतात. खिडकीत उभ्या असलेल्या मामाला लोक अदालतीची तारीख देता येत नाही. अॅप उघडा आणि तुमच्या नावावर किती थकलंय ते इथे टाका, मग मर्जीवर बोलू.

चौथा_गिअर:
दोन. एक चुकीचं लागलंय, तक्रार टाकलीये.

निवृत्त_डबलडेकर:
आणि दुसरं?