पाहुणे गेले, आता भांडी!

परवा गौरी जेवल्या. २२ पानं. रात्री साडेअकराला ओट्यापुढे उभी राहिले आणि आजीचं परसू आठवलं. खरकटं आधी म्हशीच्या बादलीत, मग राख नि नारळाची शेंडी, दोन पाण्यांतून विसळून सगळं उन्हात फळीवर. पालथं, पण एका कडेला काडी टेकवून, आत वारा जायला. ओल्या वाट्या एकात एक घातल्या की म्हणायची, "उद्या वास आला तर मला हाका मारू नका." काकूला कावीळ झाली त्या वर्षी तिचे पेले-वाट्या तपेल्यात खळाखळा उकळायची. उकळी आली तरी उतरवू देत नसे. तुमच्याकडे काय असायचं?

भाकरतुकडा: मोजणी! २४ वाट्या गेल्या, २३ आल्या. चोविसावी चार दिवसांनी केळीच्या आळ्यात. धाकट्यानं बेडूक ठेवला होता तिच्यात. आईनं ती वाटी नंतर कधीच वापरली नाही, उकळूनसुद्धा.

सोलकढी: मासे-अंडी-दूध असेल तर पहिलं पाणी गारच. एकदम गरम ओतलं की ते भांड्याला धरून बसतं. मग बेसन चोळायचं, मग साबण नि गरम पाणी.

रिकामटेकडी: बेसनाचा भाव बघितलास का बाई. आम्ही लिंबाच्या सालीवर भागवतो.

तिखटमीठ: आजीचं बरोबरच होतं. अ प्रकारच्या काविळीचा विषाणू चिवट, ८५ अंशांला निदान १ मिनिट तरी लागतं. नुसत्या कोमट पाण्यानं काही होत नाही त्याला.

नळावरची: लेकाच्या मुंजीनंतर मी शहाणपणा केला. स्टीलची ताटं रात्रभर ब्लीचमध्ये. सकाळी ताटांना देवी आल्यासारखे टिपके! सासूबाई काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. नंतर कळलं, ४ लिटर पाण्याला १ मोठा चमचा बिनवासाचं ब्लीच बास, तेही आधी साबणानं घासलेल्या काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यांना, दोनेक मिनिटं. त्यात व्हिनेगर चुकूनही ओतू नका, विषारी वायू होतो.

दोनखोल्या: आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तास. कसली दोन पाणी नि कसलं ऊन.

रिकामटेकडी: एकात एक अडकलेले पेले कसे काढता? दोन दिवस तसेच आहेत.

सोलकढी: आतल्यात गार पाणी, बाहेरचा गरम पाण्यात धर. सुटतील.

जुनीखोड: ताटं चकाचक आणि घासणी काळी, ओली, बेसिनात पडलेली. तीच आधी टाका. आणि एक बोलू का? आमच्या घरात मावशींचा कप वेगळा असायचा, 'स्वच्छता' म्हणून. सगळी भांडी घासायच्या त्याच.

तिखटमीठ: आमच्याकडेही होता. खिडकीत, दांडी तुटलेला.

भाकरतुकडा: पुण्यात कल्हईवाला आहे का कुणी? पितळी पातेल्यात कढी कळकली काल.

रिकामटेकडी: सुटले गं पेले!!

धागाकर्ती: कल्हईचं मलाही हवंय. माझ्याकडे एक वाटी जास्त निघाली आहे. तळाशी टिंबाटिंबांनी '१९७१, मामीकडून'. आमच्यात मामीच नाही. २२ जणांना फोन करत बसलेय.