जाहीरनाम्यातलं १७वं कलम

फ्रेंच क्रांतीत निघालेल्या १७८९च्या मानवी व नागरी हक्कांच्या जाहीरनाम्याने फ्रान्समध्ये सगळे समान झाले, असं म्हटलं जातं. पहिलं कलम तसं म्हणतं खरं, पण शेवटचं, १७वं कलमही वाचा: मालमत्तेचा हक्क पवित्र आणि अबाधित. सँ-दोमँग या कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीतल्या मळेवाल्यांनी याच हक्काची ढाल केली, कारण त्यांच्या लेखी गुलाम म्हणजे मालमत्ताच! (खुद्द फ्रान्समध्येही मतदानाला तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरण्याची अट होती, बायका तर बाहेरच.) पहिल्या कलमाचा खरा अर्थ लावला तो सँ-दोमँगच्या गुलामांनी. ऑगस्ट १७९१मध्ये त्यांनी उठाव केला, तेव्हा कुठे ४ फेब्रुवारी १७९४ला पॅरिसने गुलामगिरी रद्द केली. नेपोलियनने १८०२मध्ये ग्वादलूप या दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत ती पुन्हा लादली. सँ-दोमँगने मात्र त्याच्या सैन्याला हरवलं आणि १ जानेवारी १८०४ला हैती म्हणून स्वातंत्र्य जाहीर केलं.