मदत हवी आहे : रात्री रस्त्यात गाडी बंद पडली आणि बॅटरीही गेली, तर मागून येणाऱ्यांना कसं कळवायचं?

नमस्कार मंडळी,

मागच्या शनिवारपासून नीट झोप लागलेली नाही, म्हणून इथे विचारतोय. जाणकारांनी वेळ काढून सांगावं.

चोपड्याला मावसबहिणीच्या हळदीला गेलो होतो. मी, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि आई. अमळनेरकडे परत निघताना साडेनऊ वाजून गेले होते. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह लागलेलं मला निघतानाच दिसलं होतं. गाडी चालतेय ना, सकाळी दाखवू, म्हणून तसाच निघालो. तापीचा पूल मागे पडला, हेडलाइट पिवळे पडत गेले, स्टिअरिंग जड झालं आणि एका वळणाच्या जरा पुढे गाडी बंद. डावीकडे घेता येईल तेवढी घेतली. पण कडेला काळी माती, तीही शेताच्या पाण्यानं भिजलेली. अर्धी गाडी डांबरावरच राहिली.

हॅझर्डचं, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवायचं बटण दाबलं. दोन-तीनदा मिणमिणले आणि विझले.

बंद गाडीमागे इशाऱ्यासाठी उभा करायचा लाल त्रिकोण डिकीत स्टेपनीच्या शेजारी, त्यावर बॅगा आणि आहेराची भांडी. गाडी घेतल्यापासून त्याची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मोबाइलच्या उजेडात त्याचे पाय कसे उघडायचे तेच कळेना. शेवटी गाडीमागे दहा-बारा पावलांवर उभा केला, तर केळीचा ट्रक गेला आणि त्याच्या वाऱ्यानं तो आडवा. त्या ट्रकवाल्याला आम्ही अगदी जवळ आल्यावर दिसलो. तो ब्रेकचा आवाज अजून कानात आहे. आई त्या वेळी मागच्या सीटवरच होती. गुडघ्यांमुळे तिला पटकन उतरता येत नाही.

मग एक ट्रॅक्टरवाले दादा थांबले, कापूस टाकून रिकामी ट्रॉली घेऊन चालले होते. "काय व्हयनं भाऊ? आधी पोऱ्याले खाले उतारा," एवढं बोलून त्यांनी स्वतःच आईला धरून बांधावर नेऊन बसवलं. बाभळीची फांदी तोडून वळणाच्या अलीकडे टाकली. मी तीन मोठे दगड मांडले. नंतर दोर बांधून त्यांनी आमची गाडी ढाब्यापर्यंत ओढून नेली. पैसे देऊ केले तर घेतले नाहीत.

घरी पोचल्यावर आठवलं की फांदी आणि दगड तिथेच राहिले. उजाडायच्या आत मोटरसायकल काढून गेलो. फांदी आणि दोन दगड कुणीतरी कडेला सारले होते, तिसरा दगड रस्त्याच्या मधोमध होता. रात्रीतून एखादा दुचाकीवाला त्यावर गेला असता तर?

मला विचारायचंय ते असं. बॅटरीच नसेल तर मागच्याला दिसेल असं काय वापरायचं? त्रिकोण नेमका किती लांब ठेवायचा, विशेषतः वळणावर? आणि आईसारखं माणूस सोबत असेल तर आधी काय, त्रिकोण की माणसं?

वायरमन, भुसावळ

भाऊ, सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. मी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो, म्हणून बॅटरीपासून सुरू करतो.

इंजिन चालू असताना ते लाल चिन्ह लागलं म्हणजे बॅटरी चार्ज होत नाहीये. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, गेला असेल किंवा त्याचा पट्टा. तेव्हापासून गाडी बॅटरीच्या साठ्यावर चालते. हेडलाइटचे दोन बल्ब ५५ ते ६० वॅटचे, वर ब्लोअर, म्युझिक, इंजिनचा पंप. तुम्ही रात्री निघालात, त्यामुळे साठा लवकर संपला. चिन्ह दिसताच एसी, ब्लोअर, टेप बंद करायचं आणि पहिला पेट्रोल पंप, ढाबा, फाटा दिसेल तिथे थांबायचं. गाडी आपली आपण उभी करणं आणि गाडीनं आपल्याला उभं करणं यात फार अंतर आहे.

हॅझर्डचे जुन्या पद्धतीचे बल्ब २१ वॅटचे, पुढे-मागे मिळून चार. उघडझाप असल्यामुळे सरासरी साडेतीन-चार अँपिअर खातात. चांगली बॅटरी ते काही तास सहज चालवते, चावी काढली तरी. तुमच्याकडे मात्र तोवर साठाच उरला नव्हता.

त्यामुळे इशारा गाडीच्या बॅटरीवर सोडायचाच नाही. सायकलच्या दुकानात मागे लावायचा सेलवरचा लाल, लुकलुकणारा दिवा मिळतो. दोन घ्या. एक त्रिकोणाला, एक गाडीच्या मागच्या काचेला. सेल मात्र दिव्यात घालून ठेवू नका, पडून पडून पाझरू शकतात. वेगळ्या पिशवीत ठेवा.

मोबाइलचा पांढरा टॉर्च मागच्या बाजूला धरला तर लांबून मोटरसायकल येतेय असं वाटतं. ड्रायव्हरच्या मनात लाल म्हणजे पुढच्या गाडीची पाठ, पांढरं म्हणजे समोरून येणारं वाहन. काहीच नसेल तर टॉर्चवर लाल कापड धरा, आणि झोत जमिनीकडे ठेवून वर-खाली हलवा. समोरच्याच्या डोळ्यांवर मारलात तर त्याला उलट काहीच दिसणार नाही.

घाटवाट

बावीस वर्षं ट्रक चालवला, कन्नडच्या घाटातून आणि सुरतेच्या रस्त्यानं कोंडाईबारीतून. स्टिअरिंगवर बसल्यावर काय दिसतं ते सांगतो.

८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, ३३ मीटर तिथेच गेले. मग थांबायला, रस्ता कोरडा असला तरी, आणखी चाळीसेक मीटर. हे कारचं झालं, भरलेल्या ट्रकला याहून बरंच जास्त. मग दहा पावलांवरचा त्रिकोण काय कामाचा? उघड्या रस्त्यावर निदान शंभर मीटर, म्हणजे साधारण १३० पावलं मोजून जा.

वळणावर पावलं मोजूच नका. त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे वळायच्या आधी दिसला पाहिजे. चढ ओलांडून गाडी बंद पडली असेल तर माथ्याच्या अलीकडे, मागच्या गाड्या चढत येतात त्या बाजूला नेऊन ठेवा. ट्रॅक्टरवाल्यांनी फांदी कुठे टाकली ते बघा, बरोबर जागी. दुपदरी रस्त्यावर समोरून येणाराही ओव्हरटेक करत तुमच्या अंगावर येऊ शकतो, त्यामुळे दुसरा त्रिकोण पुढच्या बाजूलाही हवा.

त्रिकोण ठेवायला जाताना तो उघडून छातीसमोर धरून चाला. तोवर तोच तुमची ढाल. डांबरावरून नाही, कडेनं, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. आणि धुळे-जळगाव चौपदरीवर गाड्या सुसाट असतील तर मागे चालत जाऊच नका, कठड्याच्या बाहेर व्हा. इंग्लंडच्या नियमावलीतही साध्या रस्त्यावर किमान ४५ मीटर सांगितलंय आणि मोटरवेवर, म्हणजे तिथल्या जलदगती मार्गावर, त्रिकोण लावूच नका असं म्हटलंय.

त्रिकोण पडू नये म्हणून किलोभर वाळूची पिशवी शिवून घ्या, त्याच्या पायांवर ठेवायची. दगड नको. आम्ही ट्रकवाल्यांनीच ही दगड मांडायची सवय लावली, आणि उचलायची कुणी लावली नाही. तुम्ही उजाडायच्या आत परत गेलात, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

पाडळशाची लेक

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी माणसं. त्रिकोण दोन मिनिटांनी लागला तरी चालेल, पण बंद गाडीत कुणी बसून राहायला नको. डाव्या दारानं उतरवायचं आणि बांधाच्या पलीकडे न्यायचं. गाडी आणि त्रिकोण यांच्यामध्ये कुणी उभं राहायचं नाही. मागून धडक बसली तर गाडी पुढे ढकलली जाते, म्हणून तिच्या पुढेही थांबायचं नाही.

माझ्या सासूबाईंचेही गुडघे दुखतात. आम्ही डिकीत प्लास्टिकचं बुटकं स्टूल ठेवतो. चढता-उतरताना पायाखाली घेता येतं, बांधावर बसायलाही होतं. आणि थंडीत एक जाड शाल. मूल असेल तर त्याचा हात एका मोठ्या माणसानं धरायचा आणि त्या माणसानं दुसरं काहीच करायचं नाही.

आणखी एक, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बऱ्याच गाड्यांचे मागचे दिवे काही अंशी डिकीच्या दारावर असतात. दार उघडं ठेवलं की दिवे आणि रिफ्लेक्टर आकाशाकडे तोंड करतात. सामान काढलं की दार लावून टाका. बंपरवरचे लाल रिफ्लेक्टर फडक्यानं पुसा. ते बॅटरीशिवाय चमकतात, पण आपल्याकडच्या धुळीत सहा महिन्यांत काळे होतात. दिवसा बॉनेट वर करून ठेवा, ती खूण सगळ्यांना कळते.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा, गस्तीची गाडी आणि क्रेन मिळते. इतर रस्त्यांवर ११२. गाव आठवत नसेल तर किलोमीटरचा दगड वाचून सांगा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. अल्टरनेटरच गेला होता, नवीन बसवला. आज सायकलच्या दुकानातून दोन लाल दिवे आणले, दुसरा त्रिकोण आणि चमकणारं जाकीटही घेतलं. संध्याकाळी अंगणात त्रिकोण चार वेळा उघडून मिटला, बायकोकडूनही करून घेतला. आता तो ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. वाळूची पिशवी आईनं जुन्या सतरंजीची शिवून दिली.

ट्रॅक्टरवाल्या दादांचं गाव आईनं बांधावर बसल्या बसल्या विचारून ठेवलं होतं. त्यांच्या ट्रॉलीला मागे एकही रेडियम नव्हतं, अंधारात आमच्या गाडीएवढीच तीही दिसत नव्हती. लाल रेडियम पट्टीचा एक रोल त्यांच्यासाठी घेतलाय. रविवारी जाऊन मीच चिकटवून येणार आहे. ट्रॉलीला पट्टी किती उंचीवर आणि कशी लावावी, एवढं घाटवाट दादा सांगाल का?